रांगेतली शेवटची गाडी

दरवर्षी फेब्रुवारीच्या सुट्टीला डोंगरावर निघायच्या दिवशी आमच्या घरात भांडण व्हायचं. टपावर स्की कशा बांधायच्या, स्कीला लावायच्या मेणाचे डबे कुठे गेले, तुवाचा डावा हातमोजा कोणी हरवला, असली भांडणं. त्यात माझ्या नवऱ्याचा, आर्वेचा, आवाज सगळ्यांत मोठा असायचा आणि चूकही बहुधा त्याचीच असायची. त्या वर्षी भांडण झालं नाही. आर्वेने मुकाट्याने सामान भरलं, मुकाट्याने पट्टे आवळले आणि शेवटी एक लोखंडी पहार आणून मागच्या सीटखाली सरकवली.

"पहार कशाला?" तुवाने विचारलं. आमची ही मुलगी सात वर्षांची आहे आणि तिच्या नजरेतून काही सुटत नाही.

"कोठीचं कुलूप फोडायला."

"आणि किल्ली?"

आर्वे दोर आवळत राहिला. शेवटी मीच म्हणाले, "किल्ली शेटिलकाकाच्या खिशात होती, बाळा."

शेटिल म्हणजे आर्वेचा धाकटा भाऊ. व्हिड्डाच्या पठारापलीकडे दोघा भावांची मिळून एक लाकडी केबिन आहे, त्यांच्या वडिलांनी बांधलेली. केबिनशेजारी स्की ठेवायची कोठी, तिला एक जुनं जाडजूड कुलूप आणि त्या कुलपाला एकच किल्ली. मासेमारीच्या जाळ्याच्या बुचाला अडकवलेली, म्हणजे पाण्यात पडली तरी तरंगेल. डोंगरावरच्या किल्लीला तरंगायची काय गरज, असं मी लग्न झाल्यापासून विचारत आले. दोघे भाऊ नुसते हसायचे. ती किल्ली शेटिलकडे असायची, कारण आमच्याआधी एक दिवस जाऊन केबिन तापवून ठेवायचं काम त्याचं होतं.

आदल्या वर्षी तो तसाच पुढे गेला होता. वादळ होतं. असं हवामान असलं की पठारावर एकेकट्या गाड्या सोडत नाहीत. फाटकापाशी सगळ्यांना थांबवतात, मग बर्फ सारणारा ट्रक पुढे आणि त्यामागे गाड्यांची रांग. पुढच्या गाडीचे लाल दिवे नजरेआड होऊ द्यायचे नाहीत, थांबायचं नाही आणि काही झालं तरी गाडीतून उतरायचं नाही. आमच्या बाजूच्या पोरांना हे चालायला शिकायच्या आधी कळतं. पण असली चूक डोंगरात वाढलेला माणूसच करतो. ओस्लोचा माणूस घाबरून आत बसून राहतो आणि जगतो. आपल्या माणसाला वाटतं, वायपरवरचं बर्फ झाडून येतो, दोन पावलांवर तर आहे.

शेटिलची गाडी सापडली तेव्हा इंजिन चालू होतं. वायपर फिरत होते, हीटर चालू होता, थर्मासातली कॉफी गरम होती. शेटिल नव्हता. कुत्री आणली, लांब काठ्यांनी बर्फ टोचून पाहिलं. जूनमध्ये बर्फ वितळल्यावर माणसं पुन्हा ओळीने पठार चालून गेली. काही मिळालं नाही.

मी नगरपालिकेच्या प्रयोगशाळेत नळाचं पाणी तपासते. बाटलीत जे आहे ते आहे, नाही ते नाही. भुताखेतांशी माझं देणंघेणं नाही. त्यामुळे शेटिल गेला हे मी पहिल्या आठवड्यातच मान्य केलं आणि रडून घेतलं. आर्वे रडला नाही. तो कामाला जायचा, जेवायचा, कचरा बाहेर ठेवायचा. पण तो घरात नव्हता. मी त्याला काही विचारलं की उत्तर इतक्या लांबून यायचं, की मधल्या वेळात माझा प्रश्नच शिळा व्हायचा. वर्षभर हे सोसलं. मग मीच म्हटलं, या सुट्टीला केबिनवर जायचं, कुलूप फोडायचं, शेटिलच्या स्की बाहेर काढायच्या आणि हे प्रकरण एकदाचं संपवायचं. मला माझा नवरा परत हवा होता. दुसरं काही नको होतं.

बर्गनहून निघालो तेव्हा पाऊस होता. फ्योर्डच्या खाडीवरचा पूल ओलांडला, मग बोगद्यांमधून वळणं घेत वर चढलो आणि पावसाचं बर्फ झालं. तुवाने मागून संत्रं मागितलं.

"संत्रं डोंगर पार झाल्यावर," मी म्हणाले. आमच्याकडे स्कीला जाताना संत्री न्यावीच लागतात, पण ती बर्फात बसून खायची. शिवाय आर्वेला संत्र्याचा वास सोसत नाही. लहानपणी आगबोटीत संत्रं खाऊन ओकला होता, तेव्हापासून. शेटिल मुद्दाम त्याच्या नाकाखाली संत्रं सोलायचा, अख्खं साल एकाच लांब पट्टीत, आणि ती पट्टी तुवाच्या कानाला डूल म्हणून अडकवायचा.

फाटकापाशी पोचलो तेव्हा दुपार असूनही दिवे लागले होते. गाड्या एकामागे एक उभ्या होत्या. पिवळ्या जाकिटातला एक म्हातारा काचा ठोठावत आमच्यापर्यंत आला. त्याच्या दाढीला बर्फ लटकलं होतं.

"गरम कपडे हाताशी आहेत?"

"आहेत," मी म्हणाले.

"लघवी झाली सगळ्यांची? आता उतरायचं नाही. आलीच तर बाटली आहे." त्याने तुवाला डोळा मारला. मग आर्वेकडे वाकून म्हणाला, "तुम्ही शेवटचे. तुमच्यामागे मी फाटक लावतोय. पुढचे दिवे सोडू नका."

आर्वेने मान हलवली. मी विणलेली लाल टोपी त्याने कानांवर ओढून घेतली. त्या टोपीचा एक कान दुसऱ्यापेक्षा चांगला बोटभर लांब झाला होता. तो घालणार नाही असं मला वाटलं होतं, पण तो वर्षभर तीच घालत होता.

रांग हलली. आरशात मी फाटकाचा दांडा खाली येताना पाहिला.

पठारावर काही म्हणजे काही दिसत नव्हतं. पुढे दोन लाल ठिपके, कडेला चमकपट्टीच्या काठ्या, एक गेली की दुसरी. शेजारून माणूस चालला असता तर बरोबरीने आला असता, इतकी आमची गती. वारा गाडीला एका बाजूने ढकलत होता. तुवा गुणगुणत होती. मला तहान लागली होती, पण पाण्याची बाटली काढायला वाकावं असं वाटत नव्हतं.

थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की आर्वे पुढे कमी आणि आरशात जास्त पाहतो आहे.

"काय झालं?"

"मागे गाडी आहे."

"मागे कोणी नाही. आपण शेवटचे."

"बघ की."

मी मान वळवली. मागच्या काचेवर बर्फ होतं, त्यातून दोन दिवे दिसत होते. एक लख्ख, एक मंद. उशिरा आलेल्या कुणाला म्हाताऱ्याने सोडलं असेल, असं मी म्हणाले. आर्वेची नजर आरशावरून हलली नाही. बोलायची गरज नव्हती. शेटिलच्या गाडीचा डावा दिवा दोन वर्षं मंद होता आणि दर रविवारी तो म्हणायचा, या आठवड्यात बदलतो.

"मंद दिव्याच्या गाड्या देशात शेकड्याने असतील," मी म्हणाले.

"असतील."

"आर्वे, पुढे बघ."

त्याने पुढे पाहिलं. मग पुन्हा आरशात. त्याच्या चेहऱ्यावर वर्षभरात मी न पाहिलेलं काहीतरी होतं. मला आधी ते ओळखूच आलं नाही. तो जागा झाला होता.

"तो थांबला," आर्वे म्हणाला. मी वळले. दिवे मागे पडत होते, लहान होत होते. मग त्यांतला मंद दिवा विझला.

"अडकला असेल तर ट्रकवाले बघतील. आपण रांगेत आहोत."

"ट्रक पुढे आहे, मारित. मागे कोण बघणार? आपण शेवटचे."

"रांगेत थांबायचं नसतं!" मी ओरडले. तुवाचं गुणगुणणं बंद झालं. "तुला माहीत आहे. तुझ्याइतकं कोणाला माहीत असणार?"

गाडी थांबली होती.

"वायपरवर बर्फ साचलंय," तो म्हणाला. आवाज अगदी नेहमीचा. "झाडून येतो. दोन पावलं."

वायपर स्वच्छ होता. मी त्याच्या बाहीला धरलं, पण जाकीट निसरडं होतं. दार उघडलं, आतली सगळी ऊब एकदम निघून गेली, दार बंद झालं.

लाल टोपी काचेपाशी दिसली. तो वायपरकडे गेलाच नाही. तळवा गाडीला टेकवून तो मागे सरकत गेला. आतून मला त्याच्या हाताची घसट ऐकू येत होती. पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत, तिथून डिकीपर्यंत. मग ती थांबली.

पुढचे लाल ठिपके दिसेनासे झाले.

मी हॉर्न दाबला. दाबून धरला. त्या वाऱ्यात तो मलाच नीट ऐकू येईना.

"आई, बाबा कुठे गेला?"

"इथेच आहे."

"मला दिसत नाही."

"मलाही नाही, राणी. पण इथेच आहे."

उतरावं असं मला वाटलं नाही, हे लिहिताना लाज वाटत नाही. मागे मूल होतं. पाचावर धारण बसलेली असतानाही मी हिशोब करत होते, की मी चालकाच्या जागी सरकले तर रांग गाठता येईल का. देवाला मी मानत नाही. तरी मी म्हणत होते, परत पाठव, एवढंच कर, परत पाठव.

मग घसट पुन्हा ऐकू आली. डिकीपासून पुढे. मागचं दार. चालकाचं दार.

तो आत आला.

अंगभर बर्फ होतं. भुवया पांढऱ्या, केस पांढरे. टोपी नव्हती.

"टोपी?"

"वाऱ्याने नेली," तो म्हणाला आणि हसला. "जाऊ दे. नाहीतरी एक कान लांब होता."

माझ्या जिवात जीव आला. मी त्याला एक थप्पड मारली, खांद्यावर, जाकीट जाड होतं म्हणून त्याला लागली नसेल, आणि मग त्याचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. तो हात गरम होता. हातमोजा नव्हता आणि हात गरम होता, आत्ताच कॉफीचा कप खाली ठेवल्यासारखा.

"मागे कोण होतं?"

"कोणी नाही. चल."

त्याने गाडी चालवली. काठ्या दिसत नव्हत्या तरी चालवली, डोळे ताणले नाहीत, पुढे वाकला नाही. पाहता पाहता लाल ठिपके पुन्हा समोर आले. पलीकडच्या फाटकावर एका तरुण बाईने आमच्याकडे पाहून अंगठा वर केला आणि दांडा खाली घेतला. मी काच खाली केली.

"आमच्यामागे एक गाडी होती."

"तुमच्यामागे कोणी नाही. तुम्ही शेवटचे," ती म्हणाली.

जरा पुढे गाड्या थांबवायची जागा आहे. आर्वेने गाडी बाजूला घेतली, हात चोळले आणि म्हणाला, "झाला डोंगर पार. तुवा, दे ते संत्रं इकडे."

त्याने ते सोललं. काच खाली न करता. साल एकाच लांब पट्टीत निघालं. मागे वळून त्याने ती तुवाच्या कानाला अडकवली. तुवा खिदळली. आर्वेने संत्र्याची एक फोड तोंडात टाकली, पांढऱ्या शिरांसकट.

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू. गेलेल्या माणसाच्या सवयी जवळच्या माणसात उतरतात, असं मी ऐकलं होतं. दुःख असंही बाहेर पडत असेल. वर्षभर गळा दाबून ठेवलेला माणूस एका वादळात उभा राहिला, त्याने जे काय ओरडायचं ते ओरडून घेतलं आणि मोकळा झाला. हे मी स्वतःला केबिन येईपर्यंत सांगत होते, आणि ते पटण्याजोगं होतं.

सकाळी लख्ख ऊन पडलं. मी सीटखालची पहार काढली आणि कोठीपाशी नेली. कुलपावर बर्फ चढलं होतं. आर्वे शीळ घालत आला. त्याने पहारीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हे काय आणलंस?"

"कुलूप फोडायला. तूच तर घेतलीस बरोबर."

"चांगलं कुलूप कशाला फोडायचं?" तो म्हणाला आणि जाकिटाच्या खिशात हात घातला. बूच राखाडी पडलं होतं, पण तेच होतं. किल्ली कुलपात गेली, जराशी अडली, त्याने ती किंचित उचलून फिरवली. ती तशीच उचलून फिरवावी लागते. आर्वेला ते कधी जमलं नव्हतं, दरवेळी शेटिलला हाक मारायचा.

"कुठे होती?" मी विचारलं.

"खिशात," तो म्हणाला.

मी पुढचं विचारलं नाही. आमच्या प्रयोगशाळेत नमुना शुद्ध आला की तो पुन्हा तपासत नाहीत. दूषित आला तरच दुसरी बाटली भरतात. कोठीतून त्याने कोणत्या स्की बाहेर काढल्या तेही मी पाहिलं नाही. माझ्या स्कींना मेण लावत बसले.

तो आठवडा आमच्या लग्नातला सगळ्यांत चांगला आठवडा होता. आर्वे मोठमोठ्याने बोलायचा. वॉफल जाळायचा आणि तव्याला दोष द्यायचा. तुवाला त्याने उतारावरून पडायचं कसं ते शिकवलं, कारण पडता आलं की उभं राहता येतं म्हणे. संध्याकाळी शेकोटीपाशी माझे पाय मांडीवर घ्यायचा आणि मी प्रश्न विचारला की उत्तर लगेच यायचं, अगदी जवळून. एकदाच मी मुद्दाम म्हटलं, "आगबोटीत ओकला होतास ते आठवतं?"

"कोण, मी?" तो म्हणाला आणि खूप हसला. मीही हसले.

तुवा मात्र त्याला हाक मारेनाशी झाली होती. जवळ जायची, खेळायची, त्याच्या पाठीवर चढायची. फक्त हाक मारायची नाही.

परतीच्या दिवशी वादळ पुन्हा आलं. फाटक, रांग, ट्रक. या वेळी आम्ही मधोमध होतो, पुढे दिवे, मागे दिवे, काळजीचं काही कारण नव्हतं. तुवा संत्र्याचं साल कानात घालून झोपली होती. आर्वे शीळ घालत होता. मी माझ्या बाजूच्या काचेतून काठ्या पाहत होते. एक गेली की दुसरी.

एका काठीपाशी कोणीतरी उभं होतं.

आधी वाटलं, कापड अडकलंय. लाल होतं. मग रांग आणखी हळू झाली आणि ते माझ्या काचेसमोर आलं.

टोपीचा एक कान दुसऱ्यापेक्षा लांब होता.

त्याने एक हात वर धरला होता. दुसऱ्याने काठी धरली होती. तोंड उघडलं होतं, पण वारा होता, मला काही ऐकू आलं नाही. तो माझ्याकडे पाहत होता. मी त्याला बारा वर्षं ओळखते.

"आर्वे," मी म्हणाले. कोणाला म्हणाले ते मला सांगता येणार नाही.

शेजारची शीळ थांबली. त्याने तिकडे मान वळवली नाही. गरम हात माझ्या गुडघ्यावर ठेवला आणि प्रेमाने दाबला.

"रांगेत थांबायचं नसतं, मारित," तो म्हणाला. "मागे माणसं आहेत."

खरंच होतं ते. मागे माणसं होती. माझं मूल झोपलं होतं. मला माझा नवरा परत हवा होता आणि तो शेजारी बसला होता.

मग गाडीच्या अंगावर हाताची घसट ऐकू आली. माझ्या दारापासून तुवाच्या दारापर्यंत, तिथून डिकीपर्यंत.

माझ्या श्वासाने काच धुरकट झाली होती. मी ती पुसली नाही.